ब्लॅकबर्न रोव्हर्सचा हिशेब: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही इंग्लंडमधील ब्लॅकबर्न रोव्हर्स या फुटबॉल क्लबविषयी एक छोटे टिपण छापले होते. 2010 पासून हा क्लब पुण्याच्या वेंकीज समूहाच्या मालकीचा आहे आणि तेथील चाहते क्लबच्या आर्थिक कारभाराबद्दल मालकांना जाहीरपणे जाब विचारत आहेत, एवढेच त्या टिपणात सांगितले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न निवडून येथे उत्तरे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न (सिंहगड रस्ता, पुणे): वेंकीजचे नाव आम्ही लहानपणापासून अंड्या-कोंबड्यांच्या व्यवसायामुळे ओळखतो. या पुणेकर कुटुंबाने परक्या देशातील एका क्लबमध्ये वर्षानुवर्षे पैसा घातला, क्लब बुडू दिला नाही, आणि तरीही तेथील चाहते त्यांच्यावरच नाराज आहेत. हा कृतघ्नपणा नाही का?

उत्तर: आपल्या प्रश्नातील पहिला भाग खरा आहे आणि तो आधी स्पष्टपणे मान्य करायला हवा. नोव्हेंबर 2010 मध्ये वेंकीजने हा क्लब सुमारे 2 कोटी 30 लाख पौंडांना घेतला, त्याबरोबर क्लबवरचे कर्जही अंगावर घेतले, आणि तेव्हापासून क्लबचा दरवर्षीचा तोटा त्यांनीच भरून काढला आहे. ही एकूण रक्कम 20 कोटी पौंडांच्या पलीकडे गेली आहे. ती मुख्यतः भागभांडवलाच्या आणि बिनव्याजी कर्जाच्या रूपाने दिलेली आहे. क्लबच्या नावावर कर्ज काढून त्याचे व्याज क्लबकडूनच वसूल करणारे मालक इंग्लंडमध्ये होऊन गेले आहेत. वेंकीजनी तसे केलेले नाही. चाहत्यांपैकी जे विचारपूर्वक बोलतात, तेही हे नाकारत नाहीत.

परंतु पैसा घालणे ही एक गोष्ट आणि घातलेल्या पैशाचा कारभार पाहणे ही दुसरी. चाहत्यांचा प्रश्न दुसऱ्या गोष्टीविषयी आहे, आणि तो समजून घेण्यासाठी हा क्लब काय होता हे ठाऊक असायला हवे. 1875 मध्ये स्थापन झालेला हा क्लब 1888 मध्ये सुरू झालेल्या फुटबॉल लीगचा आणि 1992 मध्ये सुरू झालेल्या प्रीमियर लीगचाही संस्थापक सदस्य. गाव सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचे, एके काळी कापडगिरण्यांवर जगणारे. आपल्याकडच्या इचलकरंजीची आठवण व्हावी असे. याच गावच्या जॅक वॉकर या पोलाद-व्यावसायिकाने आपला धंदा विकून आलेली संपत्ती क्लबमध्ये घातली आणि 1995 मध्ये रोव्हर्स इंग्लंडचे विजेते झाले. वॉकर ऑगस्ट 2000 मध्ये वारले. त्यांच्या पश्चात त्यांच्या कुटुंबाच्या न्यासाने क्लब सांभाळला आणि 2010 मध्ये वेंकीजला विकला. म्हणजे मालकाच्या पैशावर चालण्याची सवय या क्लबला वेंकीजच्या आधीपासूनच होती. तो दोष त्यांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. फरक एवढाच की वॉकर गावात वाढलेले होते, सामन्याला येऊन बसत, आणि पैसा कशासाठी घातला हे लोकांना समोर दिसत होते.

वेंकीजच्या पहिल्या अडीच वर्षांत काय घडले ते पाहा. ताबा घेतल्यानंतर महिन्याभरातच, 13 डिसेंबर 2010 रोजी, सॅम अॅलरडाइस या अनुभवी व्यवस्थापकाला काढले. तेव्हा संघ प्रीमियर लीगमध्ये तळाला नव्हता, मध्यावर होता. त्यांच्या जागी मुख्य व्यवस्थापकपदाचा अनुभव नसलेले स्टीव्ह कीन आले. फेब्रुवारी 2011 मध्ये अध्यक्ष जॉन विल्यम्स पायउतार झाले. मे 2012 मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला. ज्या सामन्यात हे निश्चित झाले, त्या 7 मेच्या विगनविरुद्धच्या सामन्यात एका प्रेक्षकाने क्लबच्या निळ्या-पांढऱ्या झेंड्यात गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. ते चित्र जगभर गेले आणि आपल्याकडे अनेकांनी ते विनोद म्हणून पाहिले. ज्यांनी ती कोंबडी सोडली त्यांच्या दृष्टीने तो अखेरचा उपाय होता, कारण पत्रे लिहून आणि सभा घेऊन पुण्याहून उत्तर येत नव्हते.

प्रीमियर लीगमधून घसरणे ही मुळात आर्थिक घटना आहे. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून मिळणारे उत्पन्न एका रात्रीत कोसळते. त्याची झळ कमी व्हावी म्हणून लीग काही हंगाम एक ठरावीक रक्कम देते, तिला तिकडे 'पॅराशूट' म्हणतात. या काळात पगारखर्च आवळून घडी बसवायची असते. रोव्हर्सने तसे केले नाही. 2012 च्या उन्हाळ्यात कारकिर्दीच्या उतरणीवर असलेले, मोठ्या पगाराचे खेळाडू घेतले. त्याच हंगामात व्यवस्थापकाच्या खुर्चीत, तात्पुरते धरून, पाच जण बसले.

त्यांपैकी हेनिंग बर्ग यांचे प्रकरण मुद्दाम तपशिलाने सांगतो, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. बर्ग हे 1995 च्या विजेत्या संघातले खेळाडू. त्यांना तीन वर्षांच्या कराराने नेमले आणि 57 दिवसांत, 10 सामन्यांनंतर, काढले. मध्येच काढल्यास उरलेल्या मुदतीचा पूर्ण पगार द्यावा, अशी अट करारातच होती. हा आकडा निघाला 22 लाख 50 हजार पौंड. म्हणजे कामाच्या प्रत्येक दिवसामागे 39 हजार पौंडांहून अधिक. प्रकरण न्यायालयात गेले तेव्हा क्लबने आधी ही रक्कम देय असल्याचे मान्य केले, आणि नंतर ती कबुली मागे घेण्यासाठी अर्ज केला. आमच्या व्यवस्थापकीय संचालकांना असा करार करण्याचा अधिकारच नव्हता, असे क्लबचे म्हणणे होते. 2013 मध्ये न्यायालयाने कबुली मागे घेण्यास परवानगी नाकारली आणि पैसे द्यावे लागले.

आता या प्रकरणाकडे एखाद्या सहकारी बँकेच्या सभासदाच्या नजरेने पाहा. संस्थेच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने केलेल्या, लाखो पौंडांची बांधिलकी असलेल्या करारावर मालक नंतर म्हणतात की तो आमच्या संमतीने झाला नाही. मग सही कोणाची चालते? मंजुरी कोण देतो? इतका मोठा खर्च होण्याआधी तो कोणाच्या टेबलावरून जातो? चाहते 2011 पासून नेमके हेच विचारत आले आहेत. मालकाने स्वतःच्या खिशातून नुकसान भरून दिले म्हणून हे प्रश्न मिटत नाहीत.

पुढचे आकडेही याच कारभाराचे आहेत. 2013-14 च्या हंगामात क्लबला सुमारे 4 कोटी 20 लाख पौंडांचा तोटा झाला, तेव्हा लीगने ठरवलेली वर्षाच्या तोट्याची मर्यादा 80 लाखांची होती. परिणामी डिसेंबर 2014 मध्ये नवे खेळाडू घेण्यावर बंदी आली आणि ती वर्षभर राहिली. मे 2017 मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला. प्रीमियर लीग जिंकल्यानंतर कोणताही क्लब त्याआधी एवढा खाली गेला नव्हता. व्यवस्थापक टोनी मोब्रे यांनी पुढच्याच वर्षी संघाला वर आणले आणि काही काळ कारभारही शांत झाला, हे नमूद करायला हवे. त्या वर्षांत मालकांवरची टीकाही पुष्कळ ओसरली होती. यावरूनच दिसते की चाहत्यांचा राग माणसांवर वा देशावर नाही.

कृतघ्नपणा हा शब्द दात्याच्या संदर्भात शोभतो. चाहता येथे याचक नाही. तो दर हंगामाला तिकिटाचे पैसे भरतो, त्याच्या आजोबांनी भरले होते, आणि मालक बदलला तरी तो क्लब बदलू शकत नाही.

प्रश्न (प्रेस्टन, लँकेशायर): मी मूळची साताऱ्याची; नोकरीनिमित्त येथे स्थायिक आहे. ब्लॅकबर्न येथून जवळ असल्याने मुलीला घेऊन रोव्हर्सच्या महिला संघाचे सामने पाहत असे. 2025 मध्ये तो संघ वरच्या लीगमधून काढून घेण्यात आला. भारतातील सरकारी चौकशीमुळे पैसे अडकले आहेत, असे येथे सर्वजण सांगतात. नेमके काय अडकले आहे? आणि त्याची किंमत मुलींच्या संघाने का मोजावी?

उत्तर: आपल्या पत्रातील दोन प्रश्न वेगळे ठेवूनच उत्तर देणे योग्य होईल.

भारतातील कंपनीला परदेशातील कंपनीत पैसा घालायचा असेल तर परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, लागू होतो. 2022 च्या नियमांनुसार एखाद्या कंपनीची तपास यंत्रणेकडून चौकशी सुरू असेल, तर परदेशी गुंतवणुकीपूर्वी त्या यंत्रणेकडून 'हरकत नाही' असे पत्र मागावे लागते. वेंकीजच्या बाबतीत सक्तवसुली संचालनालयाची, म्हणजे ईडीची, चौकशी सुरू असल्याने लंडनमधील कंपनीकडे रक्कम पाठवण्याचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात गेला. 2023 मध्ये न्यायालयाने रक्कम पाठवण्यास परवानगी दिली, मात्र जेवढी रक्कम पाठवायची तेवढ्याच रकमेची बँक हमी भारतात ठेवण्याच्या अटीवर. याचा व्यवहारातला अर्थ असा की एक रुपया पाठवण्यासाठी दोन रुपयांची तजवीज करावी लागली, आणि प्रत्येक वेळी न्यायालयाच्या तारखेकडे डोळे लावून बसावे लागले. चौकशी होणे आणि दोष सिद्ध होणे यांत अंतर आहे. आम्ही येथे कोणावर ठपका ठेवत नाही आणि वाचकांनीही ठेवू नये.

तरीही क्लबच्या दृष्टीने परिणाम तोच झाला. जो क्लब दर महिन्याला पुण्याहून येणाऱ्या रकमेवर पगार करत होता, त्याला स्वतःच्या पायावर उभे राहावे लागले, आणि ते खेळाडू विकून साधले गेले. फेब्रुवारी 2024 मध्ये अॅडम व्हार्टन याला क्रिस्टल पॅलेसला सुमारे 1 कोटी 80 लाख पौंड आणि पुढील काही सशर्त रकमांवर विकले. हा मुलगा ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला आणि अगदी लहानपणापासून क्लबच्या प्रशिक्षणकेंद्रात वाढलेला. विक्रीनंतर काही महिन्यांतच तो इंग्लंडच्या युरो स्पर्धेच्या चमूत होता. त्याच मोसमात सॅमी स्मोडिक्सने लीगमध्ये 27 गोल केले आणि अखेरच्या दिवशी लेस्टरमध्ये दोन गोल करून संघाला घसरणीपासून वाचवले. ऑगस्टमध्ये तोही इप्सविचला विकला गेला. आलेल्या पैशातून संघ किती उभा केला आणि दैनंदिन खर्च किती भागवला, हा हिशेब चाहते मागतात, आणि तो मागण्यात वावगे काही नाही.

महिला संघाविषयी आपण विचारता ते मला सर्वांत अधिक खटकते. इंग्लंडमधील नियमांनुसार क्लबच्या तोट्याची मर्यादा मोजताना महिला फुटबॉल, युवा प्रशिक्षण आणि सामाजिक कामे यांवरचा खर्च वजा केला जातो. त्यामुळे 'नियमांनी आमचे हात बांधले आहेत' हे कारण महिला संघाबाबत लागू पडत नाही. तेथे प्रश्न होता तो केवळ रोख पैशाचा आणि प्राधान्याचा. वरच्या लीगने खेळाडूंच्या सोयी आणि पूर्णवेळ कर्मचारी यांविषयी अटी वाढवल्या होत्या. त्या पूर्ण करण्याचा खर्च क्लबने केला नाही आणि संघ खालच्या पातळीवर गेला. पुरुष संघातील एखाददुसऱ्या खेळाडूच्या पगाराशी तुलना करता तो खर्च फार मोठा नसतो. हात आखडता घ्यायची वेळ आली की ज्यांचा आवाज लहान त्यांच्या ताटातले आधी काढले जाते, हे घरात घडते तसे क्लबातही घडले. आपल्या मुलीला याहून वेगळे उत्तर देता आले असते तर मला आनंद झाला असता.

प्रश्न (नाशिक): माझ्याकडे शेअर बाजारात नोंदणी असलेल्या वेंकीज (इंडिया) लिमिटेडचे थोडे समभाग आहेत. फुटबॉल क्लबचा तोटा माझ्या पैशातून भरला जातो का?

उत्तर: नाही. क्लबची मालकी वेंकीज लंडन लिमिटेड या कंपनीकडे आहे आणि तिची मूळ कंपनी वेंकटेश्वरा हॅचरीज प्रायव्हेट लिमिटेड ही खासगी कंपनी आहे. आपले समभाग ज्या कंपनीत आहेत ती समूहातील निराळी, नोंदणीकृत कंपनी होय. समूहातील कंपन्यांचे आपसांतील व्यवहार आपल्या कंपनीच्या वार्षिक अहवालात 'संबंधित पक्षांशी व्यवहार' या शीर्षकाखाली द्यावेच लागतात. दरवर्षी ते एक पान वाचण्याची सवय ठेवावी.

प्रश्न (सांगली): मी बँकेतून निवृत्त झालो आहे. कर्जप्रकरणे तपासण्यात आयुष्य गेले. एखाद्या फुटबॉल क्लबचा ताळेबंद समोर आला तर मालकाने पैसा नीट हाताळला की नाही हे कशावरून ओळखावे?

उत्तर: आपल्यासारख्यांनी हे काम हाती घ्यावे असे मनापासून वाटते, कारण ब्रिटनमधील कंपन्यांचे वार्षिक हिशेब तेथील कंपनी निबंधकाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. सांगलीत बसून आपण ब्लॅकबर्नचा मागील अनेक वर्षांचा ताळेबंद उघडू शकता.

मी स्वतः सर्वांत आधी पगारखर्च आणि एकूण उत्पन्न यांचे प्रमाण पाहतो. रोव्हर्स ज्या दुसऱ्या श्रेणीत खेळतात, त्या चॅम्पियनशिपमध्ये अनेक हंगाम असे गेले की सर्व क्लबांचा मिळून पगारखर्च त्यांच्या एकूण उत्पन्नाहून अधिक होता. आपल्या बँकेत असा अर्जदार आला असता तर आपण त्याला चहा पाजून परत पाठवले असते. प्रीमियर लीगमध्ये पोहोचल्यास मिळणाऱ्या घबाडाच्या आशेवर ही सगळी श्रेणी चालते. तेव्हा रोव्हर्सचा तोटा हा एकट्या रोव्हर्सचा दोष म्हणता येणार नाही. म्हणूनच लीगने तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त 3 कोटी 90 लाख पौंडांच्या तोट्याची मर्यादा घातली, आणि त्यातीलही 1 कोटी 50 लाखांपुढचा भाग मालकाने भागभांडवल घालून भरला पाहिजे, कर्ज देऊन चालणार नाही, अशी अट ठेवली.

या मर्यादेमुळे एक नवी पळवाट निघाली, आणि बँकेच्या माणसाला ती चटकन दिसेल. क्लब आपले मैदान आपल्याच मालकाच्या दुसऱ्या कंपनीला विकतो आणि कागदावर नफा दाखवतो. डर्बी काउंटीच्या मालकांनी 2018 मध्ये मैदान 8 कोटींहून अधिक पौंडांना स्वतःच विकत घेतले. शेफील्ड वेन्सडेचे मैदान 6 कोटींना त्यांच्या मालकाकडे गेले. पुढे दोन्ही क्लब अडचणीत आले. डर्बी 2021 मध्ये दिवाळखोरीच्या प्रशासनात गेला, त्याचे एकूण 21 गुण कापले गेले आणि तो खाली घसरला. शेफील्ड वेन्सडेची गत ऑक्टोबर 2025 मध्ये तीच झाली आणि तात्काळ 12 गुण गेले. रोव्हर्सनेही 2021 मध्ये वरिष्ठ संघाचे सरावकेंद्र समूहातीलच एका कंपनीला विकले होते. त्या वेळच्या नियमांत हे बसत होते. तरीही आपण ताळेबंद पाहाल तेव्हा हे तपासा: स्थावर मालमत्तेच्या रकान्यात मागच्या वर्षी काय होते, यंदा काय उरले, आणि ते कोणाच्या नावावर गेले. मालक बदलायची वेळ आली की क्लब एका हातात आणि जमीन दुसऱ्या हातात, अशी स्थिती होऊ शकते.

त्यानंतर खेळाडूंच्या करारांच्या मुदती पाहाव्यात. त्या ताळेबंदात दिसत नाहीत, पण क्लबची खरी मालमत्ता तीच असते. करार संपत आला की एकतर तो वाढवायचा नाहीतर मुदतीपूर्वी खेळाडू विकायचा. दोन्ही केले नाही तर तो फुकट जातो. 2022 मध्ये डॅरा लेनिहन, जो रॉथवेल आणि रायन न्याम्बे हे तिघे एकाच उन्हाळ्यात एकही पौंड न मिळता गेले. पुढच्या वर्षी बेन ब्रेरेटन डियाझ, संघाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू, तसाच स्पेनला गेला. तोट्यात चालणाऱ्या संस्थेने विकाऊ माल गोदामात ठेवून त्याची मुदत संपू द्यावी, तसे हे झाले. चौकशी, न्यायालय, बँक हमी यांचा या चुकीशी काहीही संबंध नव्हता. त्यांतील तिघे तर त्या अडचणी उभ्या राहण्यापूर्वीच गेले. मालकांच्या बाजूने मी कितीही विचार केला तरी या एका मुद्द्यावर मला समाधानकारक उत्तर सापडत नाही.

शेवटी लेखापरीक्षकाच्या टिपणीकडे जावे. संस्था पुढील वर्षभर चालू राहील का, हे त्यांना नोंदवावे लागते, आणि तोट्यातील क्लबच्या बाबतीत ते मालकाच्या पाठिंब्याच्या हमीवर अवलंबून असते. रोव्हर्सच्या हिशेबांतही हे अवलंबित्व लिहिलेले असते. हमी देणारा भक्कम असेल तर ते वाक्य निरुपद्रवी वाटते. हमी देणाऱ्याला पैसे पाठवण्यासाठी दुसऱ्या देशातील न्यायालयाची परवानगी लागू लागली की त्याच वाक्याचे वजन किती वाढते, हे आपल्याला मी सांगायला नको.

प्रश्न (शिवाजी पेठ, कोल्हापूर): आमच्याकडे तालमीच्या संघाचा हिशेब पेठेत विचारला जातो, वर्गणी दिलेला माणूस चौकात उभा राहून विचारतो आणि कार्यकर्त्यांना उत्तर द्यावे लागते. इंग्लंडमध्ये एवढा जुना खेळ, मग चाहत्यांना विचारण्याचा कायदेशीर हक्क का नाही?

उत्तर: आतापर्यंत नव्हता, कारण तेथील क्लब शतकभरापूर्वीच खासगी कंपन्या झाले. ज्याच्याकडे समभाग त्याचा क्लब, आणि चाहता म्हणजे गिऱ्हाईक, अशी कायद्याची दृष्टी होती. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असतो तेव्हा संघ आणि प्रेक्षक यांच्यात जी नात्याची वीण असते, ती ब्लॅकबर्नमध्येही आहे. कागदावर मात्र तिला काही स्थान नव्हते.

हे बदलण्यास बरी या क्लबची दुर्दशा कारणीभूत ठरली. ब्लॅकबर्नपासून तासाभराच्याही आत असलेल्या या गावातला 1885 सालचा क्लब डिसेंबर 2018 मध्ये एका पौंडाला विकला गेला. नव्या मालकाकडे क्लब चालवण्यापुरता पैसा आहे की नाही याची खातरी आधी झालीच नाही, आणि ऑगस्ट 2019 मध्ये लीगने क्लबला बाहेर काढले. चाहते शेवटच्या दिवसांत मैदान झाडायला आणि खुर्च्या पुसायला रांगेने आले होते, पुढचा सामना होईल या आशेने. तो झाला नाही. त्यानंतर सरकारने नेमलेल्या समितीने चाहत्यांचे म्हणणे ऐकून 2021 मध्ये अहवाल दिला आणि जुलै 2025 मध्ये फुटबॉल कारभाराचा कायदा संमत झाला.

या कायद्याने स्वतंत्र नियामक नेमला आहे. वरच्या पाच श्रेणींतील क्लबांना त्याचा परवाना घ्यावा लागेल, मालकाच्या पैशाचा उगम आणि त्याची आर्थिक क्षमता तपासली जाईल, मैदान परवानगीशिवाय विकता येणार नाही, आणि क्लबचे नाव, रंग, बोधचिन्ह यांसारख्या बाबींवर चाहत्यांचे मत घेणे बंधनकारक राहील. ही यंत्रणा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. रोव्हर्सच्या चाहत्यांना ज्याची सर्वाधिक गरज आहे ते यात आहे: मालकाचा पैसा अडला तर पुढे काय, याची योजना क्लबला नियामकापुढे मांडावी लागेल. पुण्याहून उत्तर आले नाही म्हणून गप्प बसण्याची पाळी आता येऊ नये.

आपल्या पेठेतील पद्धतीबद्दल एवढेच म्हणेन की ती जपा. पुणे एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि एफसी पुणे सिटी हे तीन व्यावसायिक संघ पुण्यात सुमारे बारा वर्षांच्या अवधीत उभे राहिले आणि बंद झाले. त्यांच्या चाहत्यांना कोणी काही विचारले नाही. संघ बंद झाल्याची बातमी त्यांनी इतरांसारखीच वर्तमानपत्रात वाचली.

प्रश्न (मडगाव, गोवा): आमच्याकडे साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी 2016 मध्ये राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली तेव्हा आम्हा चाहत्यांना हताशपणे पाहत राहावे लागले. मालक कंटाळला तर चाहते स्वतः क्लब विकत घेऊ शकतात का? ब्लॅकबर्नमध्ये तसे शक्य आहे का?

उत्तर: घेऊ शकतात, आणि पोर्ट्समथच्या चाहत्यांनी ते केले. एकापाठोपाठ एक आलेल्या मालकांनी तो क्लब इतका खाली आणला की 2010 मध्ये प्रीमियर लीगमध्ये असतानाच तो प्रशासनात गेला आणि दोन वर्षांत पुन्हा एकदा गेला. चाहत्यांच्या न्यासाने प्रत्येकी 1,000 पौंडांचे समभाग काढले. कुणी सुट्टीच्या सहलीचे पैसे दिले, कुणी मित्रांनी मिळून एक समभाग घेतला, आणि एप्रिल 2013 मध्ये क्लब त्यांचा झाला. त्यांनी जुनी देणी फेडली, चौथ्या श्रेणीतून वर येण्याइतका संघ उभा केला आणि 2017 मध्ये सभासदांचे मतदान घेऊन क्लब एका अमेरिकी उद्योजकाला विकला.

ब्लॅकबर्नमध्ये हे अवघड आहे, आणि त्याचे कारण थोडे विचित्र आहे. पोर्ट्समथ चाहत्यांना परवडला, कारण तो आधी कोसळला होता. रोव्हर्स कोसळलेले नाहीत. 2024-25 मध्ये तर, हंगामाच्या मध्यावर व्यवस्थापक जॉन यूस्टेस सोडून गेल्यानंतरही, संघ सातवा आला आणि बढतीच्या प्ले-ऑफमधील जागा अवघ्या दोन गुणांनी हुकली. क्लबचा वर्षाचा तोटा काही कोटी पौंडांचा, मालकांचे येणे त्याहून कितीतरी मोठे, आणि 31 हजारांच्या मैदानात येणारे प्रेक्षक साधारण त्याच्या निम्मे. चाहत्यांनी वर्गणी काढून ही दरी भरून निघणार नाही. त्यामुळे बहुतेक चाहत्यांची आजची मागणी मालकीची नाही. मालकांनी एकदा ईवूड पार्कवर यावे, क्लबसाठी त्यांच्याकडे किती पैसा आहे आणि किती वर्षांपुरता, ते सांगावे, आणि पुढे चालवायचा नसेल तर योग्य किमतीला योग्य हातांत सोपवावा, एवढेच ते म्हणतात. जॅक वॉकर यांचा पुतळा त्याच मैदानाच्या दारात आहे; सामन्याच्या दिवशी लोक तेथे भेटायचे ठरवतात, आणि निषेधाच्या सभाही तेथेच भरतात.